अमेरिकेची चिल्लर : कोणती मोडीत घालायची, कोणती जपायची?

दिवाळी-उन्हाळ्यात परदेशातली मुलं-नातवंडं घरी येऊन गेली की या सदराकडे नाण्यांची पत्रं वाढतात. या अंकात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली, फक्त अमेरिकन नाण्यांबद्दलची पत्रं घेतली आहेत. खाली जिथे जिथे हिशेब मांडला आहे तिथे डॉलर ९० रुपये आणि शुद्ध चांदी १०० रुपये ग्रॅम धरली आहे. हा बाजारभाव नव्हे, गुणाकार सोपा जावा म्हणून घेतलेला आकडा आहे. आपल्या सराफाकडचा त्या दिवसाचा भाव घालून तोच हिशेब पुन्हा करावा.

प्रश्न : मुलगा सहा वर्षं अमेरिकेत होता. येताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तिथली चिल्लर भरून आणली. वजन साडेतीन किलो भरलं. बँक घेत नाही, मनी चेंजरही घेत नाही. एवढी नाणी घरात ठेवणं कायद्यात बसतं का? आणि हे पैसे गेलेच समजायचे का? (एक वाचक, फैजपूर)

उत्तर : कायद्याची काळजी सोडा. परकीय चलनाच्या नियमांत नोटा वगैरे जवळ ठेवायला २००० डॉलरची मर्यादा आहे, नाण्यांना नाही. नाणी कितीही ठेवता येतात. बँका नाणी घेत नाहीत त्याचं कारण साधं आहे. ती परत अमेरिकेला पाठवायचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त येतो. तेव्हा मार्ग एकच, तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानात ती द्यायची. पण सगळी नाही. साडेतीन किलो तांबडी सेंट बॅगेत घालून कुणाचं सामान जड करू नका.

आधी चार ढीग करा. तांबडं ते एक सेंट. पांढऱ्यांत सगळ्यांत छोटं (१७.९ मिमी) ते दहा सेंटचं डाइम. त्याच्याहून मोठं, जाडसर, गुळगुळीत कडेचं (२१.२ मिमी) ते पाच सेंटचं निकेल. सगळ्यांत मोठं (२४.३ मिमी) ते पंचवीस सेंटचं क्वार्टर. इथे हमखास चूक होते, कारण डाइम निकेलपेक्षा लहान असून किंमत दुप्पट, आणि त्यावर दहाचा आकडा कुठेच छापलेला नसतो. बरेच जण डाइमला सगळ्यांत हलकं समजून सेंटांत टाकतात.

आता मोजत बसू नका, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. १९६५पासूनच्या डाइम आणि क्वार्टरची वजनं अशी ठरवलेली आहेत की दोन्ही एकत्र मिसळून तोलली तरी एका किलोला ४४ डॉलरच भरतात, म्हणजे जवळपास ३,९७० रुपये. निकेल बरोबर पाच ग्रॅमचं असतं, किलोला २०० नग, १० डॉलर. नव्या सेंटचं वजन अडीच ग्रॅम, किलोला ४०० नग, म्हणजे फक्त ४ डॉलर. तेव्हा डाइम-क्वार्टर पाठवा, निकेल जागा उरली तर, आणि सेंट नातवंडांना व्यापार-व्यापार खेळायला द्या. तिकडे बँकेत द्यायचे तर कागदी गुंडाळ्या करून द्यावे लागतात, क्वार्टरच्या गुंडाळीत ४० नग, डाइमच्या ५०. मोठ्या दुकानांतल्या चिल्लर मोजणाऱ्या यंत्रात टाकले तर ते कमिशन कापून घेतं.

पाठवण्याआधी एक काम मात्र करा. क्वार्टर वीस-वीसच्या चवडी रचा आणि उजेडात कडेकडून पाहा. १९६५पासूनच्या नाण्याच्या कडेत तांब्याची लालसर पट्टी दिसते, कारण आत तांबं आणि वरून तांबं-निकेलचा पत्रा असतो. त्या लाल पट्ट्यांमध्ये एखादं नाणं कडेपासून कडेपर्यंत पांढरंशुभ्र दिसलं तर ते ओढून काढा. ते १९६४ किंवा त्याआधीचं, ९० टक्के चांदीचं निघेल. त्याचं वजन ६.२५ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ५.६२ ग्रॅम. म्हणजे दर्शनी किंमत साडेबावीस रुपये, आणि चांदी आपल्या हिशेबाने ५६२ रुपयांची. डाइमचंही तसंच, १९६४पर्यंतच्या प्रत्येकात सव्वादोन ग्रॅम चांदी. अर्ध्या डॉलरचं नाणं सापडलं तर १९६४पर्यंतच्यात सव्वाअकरा ग्रॅम, आणि १९६५ ते १९७०च्यात ४० टक्क्यांच्या हिशेबाने ४.६ ग्रॅम.

निकेलच्या ढिगात १९४२ ते १९४५ सालची नाणी पाहा. मागच्या बाजूला घुमट असलेली इमारत आहे. तिच्या घुमटाच्या वर पी, डी किंवा एस हे टांकसाळीचं (नाणं कुठे पाडलं ते सांगणारं) अक्षर ठळक मोठं असेल तर त्या निकेलमध्ये ३५ टक्के, म्हणजे पावणेदोन ग्रॅम चांदी आहे. युद्धात निकेल धातू वाचवायला हे केलं होतं. १९४२ची सगळी नाणी अशी नाहीत, अक्षर बघूनच वेगळी काढा.

सेंटमध्ये मागे गव्हाच्या दोन लोंब्या असतील तर ते १९५८ किंवा त्याआधीचं. झिजलेल्या साध्या लोंबीच्या सेंटला तिकडे तीन-चार सेंट मिळतात, म्हणजे फार तर चार रुपये. ठेवा, पण स्वप्नं पाहू नका. अपवाद १९०९ सालच्या एस अक्षराच्या सेंटचा. त्याच्या मागे खाली व्ही-डी-बी अशी तीन बारीक अक्षरं असतील तर तो झिजलेला असला तरी शेकडो डॉलरचा, कारण ती नाणी ४,८४,०००च पाडली गेली.

प्रश्न : माझ्याकडे '१७७६–१९७६' असं लिहिलेलं, ढोल वाजवणाऱ्या माणसाचं क्वार्टर आहे. मोबाइलवर एका व्हिडिओत त्याची किंमत अडीच लाख सांगितली. गावात एकाने पाच हजार देऊ केले आहेत. द्यावं का? (एक विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर : तो माणूस खरोखर पाच हजार देत असेल तर आजच द्या. पण तुमच्याकडून आधी 'नोंदणीचे' म्हणून काही मागत असेल तर लगेच फोन ठेवा.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून हे नाणं काढलं. १९७५ साल लिहिलेलं क्वार्टर अस्तित्वातच नाही, १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षांत हेच पाडलं गेलं. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टांकसाळी मिळून १६० कोटींहून जास्त नग. वापरातलं असेल तर किंमत पंचवीस सेंटच. एस अक्षराचं, संग्राहकांच्या संचासाठी काढलेलं ४० टक्के चांदीचं नाणं वेगळं. त्याच्या कडेत लाल पट्टी दिसत नाही. तेही लाखाचं नाही, चांदीच्या भावाच्या जवळपासचंच.

क्वार्टरमध्ये शोधायचंच असेल तर २०१९ आणि २०२० सालची, डब्ल्यू अक्षराची शोधा. ती वेस्ट पॉइंट टांकसाळीत पाडून मुद्दाम चलनात सोडली होती, प्रत्येक नक्षीची २० लाख. चांगल्या अवस्थेत दहाएक डॉलर मिळतात. विस्कॉन्सिन राज्याच्या २००४च्या डी अक्षराच्या क्वार्टरवर मक्याच्या कणसाला डाव्या बाजूला एक जास्तीचं पान फुटलेलं असेल तर तीही खरी चूक आहे आणि तिला गिऱ्हाईक आहे.

प्रश्न : यात्रेत एकाकडून १८८७ सालचा चांदीचा डॉलर बाराशे रुपयांत घेतला. एका बाजूला बाईचं डोकं, दुसरीकडे गरुड, खाली सीसी अशी अक्षरं. सराफ म्हणतो कानस मारून बघू. मारू द्यावी का? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : कानस अजिबात मारू देऊ नका. पण तुमच्या नाण्याच्या बाबतीत कानशीची गरजही नाही, ते खोटं आहे. तुम्ही वर्णन केलंय तो मॉर्गन डॉलर. १८७८ ते १९०४ आणि मग एकदम १९२१. मधल्या सोळा वर्षांचा कुठलाही मॉर्गन दाखवला तर तो नकली. सीसी म्हणजे नेवाडातली कार्सन सिटी टांकसाळ. तिने मॉर्गन १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ एवढ्याच वर्षांत पाडले. १८८७ आणि सीसी ही जोडी जुळतच नाही. असंच जुन्या मॉर्गनमध्ये डी अक्षर फक्त १९२१च्यावर असतं, आणि १९२१चा मॉर्गन ओ किंवा सीसी अक्षराचा नसतो. नकली बनवणारे साल एका साच्यातून आणि मागची बाजू दुसऱ्या साच्यातून घेतात, तिथे फसतात.

दुसऱ्या वाचकांसाठी घरच्या घरी तपासायची रीत सांगतो. खऱ्या मॉर्गनचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी. झिजून सव्वीसच्या आसपास आला तर हरकत नाही. पण कोरी झळाळी आणि वजन मात्र २२ ग्रॅम असं असेल तर तिथेच थांबा. पितळ किंवा पांढरं तांबं चांदीपेक्षा हलकं, त्यामुळे त्याच मापात तेवढं वजन भरत नाही. काही कारागीर जाडी वाढवून वजन जुळवतात. म्हणून पुढची परीक्षा पाण्याची.

शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, पाचशे-सहाशे रुपयांत मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. नाण्याला बारीक दोऱ्याचा फास घालून ते पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबतं धरा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, टेकलं तर काटा नाण्याचं वजनही दाखवेल. बुडबुडे चिकटले असतील तर हळूच हलवून काढा. काटा २.५९च्या आसपास स्थिर झाला पाहिजे. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, म्हणजे २६.७३ ÷ २.५९ = १०.३. नव्वद टक्के चांदीचा हाच आकडा. ८.५ ते ९ आला तर तांबं-पितळ, ७.८ आला तर लोखंड. लोखंडाचं तर लोहचुंबकच सांगेल. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण पितळही चिकटत नाही. तेव्हा 'चिकटलं नाही म्हणजे खरं' असं समजू नका.

भिंगातून पाहताना सपाट जागेवर पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसले, कडेवर जोडाची आडवी रेघ दिसली, कडेचे दाते उथळ-खोल असले, तर नाणं ओतलेलं आहे. खरं नाणं ठोकून पाडतात, ओतत नाहीत. यात्रांत सर्रास दिसणारा दुसरा नकली माल म्हणजे बसलेल्या बाईचा 'ट्रेड डॉलर'. चीनच्या व्यापारासाठी काढलेलं हे नाणं १८७३ ते १८८५ एवढ्याच सालांचं, वजन २७.२२ ग्रॅम, मागे ४२० ग्रेन (हेच वजन जुन्या मापात) आणि ९०० कस (हजारात नऊशे भाग चांदी) लिहिलेला. त्यावर १७९९ किंवा १८०४ साल दिसलं तर विकणाऱ्याला फक्त नमस्कार करा.

खऱ्या मॉर्गनची किंमत मग किती? १९२१चा घ्या, तो सगळ्यांत जास्त आढळतो. एकट्या फिलाडेल्फियात साडेचार कोटींच्या जवळ पाडले. झिजलेल्याला चांदीचा भाव आणि वर थोडं, एवढंच. शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने २,४०६ रुपये. ज्याने चांदीच्या निम्म्या भावात 'खरा डॉलर' विकला, त्याला आपण काय विकतोय हे नक्की ठाऊक होतं. उलट १८९३ सालचा एस अक्षराचा मॉर्गन एक लाखच पाडला, तो झिजलेलाही हजारो डॉलरला जातो. त्यामुळेच साध्या १८९३वर एसचं अक्षर चिकटवून विकतात. अक्षराचं स्थान मागच्या बाजूला हाराच्या गाठीखाली, डॉलर शब्दाच्या डी आणि ओ अक्षरांच्या वर. तिथे भिंगातून अक्षराभोवती बारीक भेग किंवा रंगातला फरक दिसतो का ते पाहा. आणि ओ हे अक्षर न्यू ऑर्लिन्सचं आहे, शून्य नव्हे. हे लिहावं लागतं, कारण 'शून्य छापलेला दुर्मीळ डॉलर' अशी तीन पत्रं आली आहेत.

प्रश्न : आजीच्या गळ्यातल्या जुन्या माळेत सगळे राणीछाप-जॉर्जछाप रुपये आहेत आणि मधोमध एक मोठं अमेरिकन नाणं, १९२२ साल, कडी डाग देऊन बसवलेली. सातपुड्याच्या बाजूच्या आमच्या गावात हे नाणं आलं कुठून ते कुणालाच माहीत नाही. कडी काढून नाणं विकलं तर किंमत वाढेल का? (एक वाचक, शहादा तालुका)

उत्तर : वाढणार नाही. कडी काढू नका. डाग दिलेल्या नाण्याला संग्राहक नाणं मानतच नाहीत, कारण डाग देताना तिथली झळाळी जळून जाते आणि कडी काढली तरी वण राहतो. किंमत चांदीचीच. त्यातही सराफ वजन करताना कडी आणि डाग धरतो की वजा करतो हे विचारून घ्या, डागाचा कस नाण्याइतका नसतो. तुमचं नाणं १९२१ ते १९३५मधला 'पीस डॉलर' आहे. वजन मॉर्गनइतकंच, शुद्ध चांदीही २४.०६ ग्रॅम. पंचम जॉर्जचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. म्हणजे मधला डॉलर दोन रुपयांहून थोडा भारी. बाकी माळ एकत्रच ठेवलेली बरी, सुट्या नाण्यांपेक्षा तशी माळ बघायला मिळणं दुर्मीळ.

माळेतल्या शेजाऱ्यांचं एक नातं मात्र सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडची चांदी संपत आली. तेव्हा १९१८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला, सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातल्या बहुतेक चांदीच्या लगडी इंग्रजांना विकल्या, त्या हिंदुस्थानात रुपये पाडायला आल्या. आजीच्या माळेत १९१८-१९चे रुपये असतील तर त्यांत मॉर्गन डॉलरची चांदी असण्याचा पुरेपूर संभव आहे. वितळवलेले डॉलर भरून काढायलाच अमेरिकेने १९२१पासून पुन्हा डॉलर पाडले, आणि तुमचा १९२२चा त्यांतलाच.

प्रश्न : जावयाने दिलेली सोनेरी डॉलरची आठ नाणी आहेत. सोन्याची आहेत का? (चाळीसगाव)

उत्तर : नाहीत. तांबं, जस्त, मँगनीज आणि निकेल. वजन ८.१ ग्रॅम, किंमत एक डॉलर. राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतल्या नाण्यांवर साल कडेवर कोरलेलं असतं, म्हणून 'सालच नाही' असं वाटतं. कड अगदी कोरी असेल तरच ते नाणं वेगळं ठेवा.

प्रश्न : सासऱ्यांच्या पेटीत पन्नासेक अमेरिकन नाणी निघाली, काळी पडलेली. त्यांतली दहा चिंच आणि भांड्यांच्या पावडरने घासली, लख्ख झाली. दाखवली तर नाणेवाला म्हणाला, 'वहिनी, हे काय केलंत?' बाकीची कशी साफ करावी? (एक गृहिणी, भुसावळ)

उत्तर : बाकीची तशीच राहू द्या. नाणं ठोकताना धातू साच्यात चहूकडे पसरतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेघा उमटतात. नाणं तिरपं करून फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो तो त्यांच्यामुळे. चिंचेच्या आंबटाने त्या रेघा विरघळतात आणि पावडरीने ओरखडतात. मग नाणं चमकतं, पण तो पट्टा फिरत नाही. नाणेवाल्याने नेमकं तेच पाहिलं. खायचा सोडा आणि अॅल्युमिनियमच्या कागदाची घरगुती युक्तीही काळा थर काढते आणि खाली निस्तेज पृष्ठभाग सोडते. चांदीवरचा काळसर-निळसर थर संग्राहकांना नको नसतो, उलट एकसारखा असेल तर त्याचे जास्त देतात.

फक्त चिकट हिरवट लेप असेल तर तो काढावा लागतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून तो सुटतो आणि धातू खातो. भुसावळच्या उन्हाळ्यात अशी पाकिटं घाम आल्यासारखी ओली होतात. त्यासाठी शुद्ध अॅसिटोन घ्या, नेलपॉलिश काढायचं नको, त्यात रंग आणि वास मिसळलेला असतो. काचेच्या वाटीत (प्लॅस्टिकची विरघळेल) नाणं दहा मिनिटं बुडवून ठेवा. कडेने धरून काढा, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अॅसिटोनमध्ये खळबळा, आणि न पुसता आपोआप वाळू द्या. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवाही विझलेला. अॅसिटोन झटकन पेट घेतं. नंतर नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत, कडक पारदर्शक पापुद्र्यामागे ठेवा, आणि डब्यात ओल शोषणारी पुडी टाका.

प्रश्न : १९४३चं तांब्याचं सेंट लाखो डॉलरला जातं म्हणतात. माझ्याकडे आहे, रंग तांबडा आहे. (रावेर)

उत्तर : लोहचुंबक लावा. चिकटलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं साधं पोलादी सेंट, किंमत काही सेंट. युद्धात तांबं वाचवायला त्या वर्षी जस्ताचा लेप दिलेलं पोलाद वापरलं होतं. चिकटलं नाही तर वजन करा, ३.११ ग्रॅम हवं (पोलादी २.७). तेही बसलं तर तीनचा आकडा भिंगाखाली पाहा. खऱ्या १९४३मध्ये तीनचा खालचा शेंडा इतर आकड्यांच्या ओळीखाली बराच उतरतो. १९४८मधला आठ कोरून केलेल्या तीनचा शेंडा तसा उतरत नाही. बहुतेक तांबडी 'त्रेचाळीस' या तीन पायऱ्यांत कुठेतरी गळतात.

सोबतच्या चिठ्ठीतला दुसरा प्रश्न : 'सेंटवर टांकसाळीचं अक्षरच नाही, ही छापचूक का?' नाही. फिलाडेल्फियाने सेंटवर पी हे अक्षर २०१७ या एकाच वर्षी टाकलं, आणि १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत कुठल्याच टांकसाळीने कुठल्याच नाण्यावर अक्षर टाकलं नाही.

प्रश्न : गिऱ्हाइकाने वीस डॉलरचं सोन्याचं नाणं मोडीला आणलं आहे. आमच्याकडे बावीस कॅरेटच्या भावाने हिशेब होतो. बरोबर आहे का? (एक सराफ, जळगाव)

उत्तर : सोन्याच्या गावातून असं पत्र आलं याचं बरं वाटलं, कारण बहुतेक जण न विचारताच आटवतात. जुनं वीस डॉलरचं नाणं (१९३३पर्यंतचं) ३३.४३६ ग्रॅम आणि ९० टक्क्यांचं, म्हणजे २१.६ कॅरेट. शुद्ध सोनं ३०.०९ ग्रॅम. बावीसच्या भावाने घेतलं तर तुमचं नुकसान, वीसच्या भावाने घेतलं तर गिऱ्हाइकाचं. दहा डॉलरच्यात शुद्ध १५.०५ ग्रॅम, पाचच्यात ७.५२. १९८६पासूनचं 'ईगल' हे पन्नास डॉलरचं नाणं मात्र २२ कॅरेटचं, ३३.९३ ग्रॅमचं आणि त्यात शुद्ध ३१.१ ग्रॅम. दोन्हींत गल्लत होते कारण हातात वजन सारखंच वाटतं.

कसोटीवर घासू नका, कॅरेट मोजायच्या यंत्रावर ठेवा, आकडा ९०च्या आसपास आला पाहिजे. एक सावधगिरी अशी की जुन्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांच्या नकला पुऱ्या कसाच्या सोन्यातही बनल्या आहेत. यंत्र त्यांना खरं सांगतं, आणि सोनं म्हणून ते खरंच असतं. फरक पडतो तो सालामुळे जास्त पैसे द्यायचे असतील तेव्हा. तुम्ही मोडीचाच भाव देणार असाल तर डोकं शिणवू नका. पण साल आणि अक्षर लिहून घेतल्याशिवाय मुशीत टाकू नका. शेवटच्या, १९३३च्या वीस डॉलरचं एक नाणं २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १८९ लाख डॉलरला गेलं.

प्रश्न : १८८४चा मॉर्गन आहे, तपासून खरा निघाला. अमेरिकेतल्या भाच्याकडे पोस्टाने पाठवून तिकडे विकता येईल का? की इथल्या ऑनलाइन खरेदीदाराला द्यावा? तो 'रिझर्व्ह बँकेची फी' आधी मागतो. (धुळे)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. रिझर्व्ह बँक जुनी नाणी खरेदी करत नाही आणि अशा व्यवहारांवर फी किंवा कमिशनही घेत नाही. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये तसं जाहीर केलं आहे. फी आधी मागणारा नाणं घ्यायला आलेलाच नसतो, तो फी घ्यायला आलेला असतो.

पोस्टाने पाठवू नका. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. कायद्यात 'नाणं' एवढंच म्हटलं आहे, ते कुठल्या देशाचं याची सवलत नाही. देशात मात्र विकता येतं. नाण्यांच्या प्रदर्शनात तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवा, किंमत त्यांना आधी बोलू द्या. साध्या १८८४ला चांदीपेक्षा थोडं वर मिळालं तर भाव ठीक समजा. नाणं तपासून डबीत सीलबंद करून देणाऱ्या परदेशी कंपनीचं प्रमाणपत्र काढायला प्रत्येक नाण्यामागे हजारो रुपये लागतात, चार-पाच हजारांच्या नाण्यासाठी ते परवडत नाही. आणि आयतं सीलबंद नाणं विकत घेत असाल तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथलं छायाचित्र नाण्याशी ताडून पाहा. नाण्यांप्रमाणे डब्याही नकली निघतात.

प्रश्न : अमेरिकेने एक सेंट पाडणं बंद केलं. आता जुनी सेंट महाग होतील म्हणून शाळेच्या छंदवर्गासाठी किलोभर घ्यावीत का? (एक शिक्षक, शिरपूर)

उत्तर : छंदवर्गासाठी जरूर घ्या, भाव वाढेल म्हणून घेऊ नका. नोव्हेंबर २०२५मध्ये फिलाडेल्फियात चलनासाठीचं शेवटचं सेंट पाडलं, पण आधीची अब्जावधी नाणी चलनात आहेत आणि चालतातही. मुलांना शिकवायला मात्र यांच्याइतकं स्वस्त साहित्य मिळणार नाही. १९८२ सालची नाणी वेगळी काढून त्यांना काट्यावर तोलायला सांगा. त्याच वर्षी तांब्याचं सेंट बंद होऊन जस्तावर तांब्याचा मुलामा आला, त्यामुळे एकाच सालाच्या, एकाच रंगाच्या नाण्यांतलं एक ३.११ ग्रॅम भरतं आणि शेजारचं २.५. काटा नसेल तर फरशीवर टाकून ऐका. तांब्याचं खणखणतं, जस्ताचं बद्द वाजतं.